वरचा नळ, खालचा नळ

यमुताई पोतनीसांच्या न्हाणीघरातला नळ ऐन डिसेंबरच्या थंडीत बिघडला, आणि त्याला जबाबदार वरच्या मजल्यावरची भागीरथाबाई आहे, हे यमुताईंनी नळाकडे धड पाहायच्या आधीच ठरवून टाकलं. पोतनीसांच्या घरात न्यायनिवाडा असाच चालतो. निकाल आधी लागतो आणि साक्षीपुरावे मागाहून गोळा होतात.

साक्षीपुरावे तसे भक्कम होते. सकाळी बादली लावावी तर सुरुवातीला पाणी धो धो यायचं, गॅसचा गिझर भक्कन पेटायचा, न्हाणीघर वाफेनं भरायचं. मग बादली अर्धी होते न होते तोच वरच्या मोरीत कपडे धोपटल्याचा आवाज सुरू व्हायचा आणि खाली धार करंगळीएवढी बारीक. दाब गेला की गिझर विझायचा, आणि गिझर विझला की आतून बर्फासारखं पाणी. अंगाला साबण लागलेला, दात कडकड वाजतायत. बाहत्तराव्या वर्षी नागपूरच्या थंडीत अशा वेळी माणूस देवाचं नाव घेत नाही, भाडेकरूचं घेतं.

नळ बंद करून जरा वेळानं पुन्हा सोडला की धार पहिल्यासारखी मोठी. पुन्हा वर कपडे धोपटले की पुन्हा करंगळी. आता याला आणखी पुरावा तो काय लागतो?

घर मनीषनगरात. यमुताईंचे यजमान मधुकरराव यांनी ते बांधलं तेव्हा आजूबाजूला तुरीची शेतं होती, आता चारी बाजूंनी फ्लॅटस्कीम उभ्या आहेत आणि मधल्या मध्ये हे दुमजली घर अंग चोरून बसलंय. अंगणात जुनी विहीर. प्यायला नळाचं पाणी वेगळं, बाकी आंघोळ-धुणंभांडी सगळं विहिरीवर. मोटर लावली की पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीत चढतं, आणि तिथून एकच जाड पाइप खाली येऊन त्याला दोन फाटे फुटतात, एक वरच्या मजल्याला, एक खाली. मधुकररावांना वाटलं असेल, दोन्हीकडे आपलीच माणसं राहणार, वेगळी टाकी कशाला हवी.

मधुकरराव गेले. मुलगा मुकुंद पुण्याला नोकरीत रमला. मग यमुताईंनी वरचा मजला भाड्यानं दिला, तो सोबत म्हणून. भागीरथाबाई निखारे आणि त्यांचा मुलगा कुशल. मूळचे उमरेडचे विणकर. भागीरथाबाईंचा सगळा जन्म हातमागावर गेला. माग बंद पडला, विकला, तेव्हा त्या मुलाबरोबर नागपुरात आल्या. कुशल मिहानकडच्या एका गोदामात कामाला जातो, पहाटे जातो आणि संध्याकाळी येतो. दिवसभर घरात दोन म्हाताऱ्या, एक खाली, एक वर.

पहिलं वर्ष छान गेलं. भागीरथाबाई झुणका केला की वाटी घेऊन खाली यायच्या, यमुताई त्यांना पेपर वाचून दाखवायच्या. दुपारी पायरीवर ऊन खात दोघी संत्री सोलत बसायच्या आणि उभ्या कॉलनीची खबरबात घ्यायच्या. नळानं हे सगळं संपवलं. भांडण झालं असतं तरी परवडलं असतं, चार शब्द होऊन मोकळं झालं असतं. पण यमुताईंचा राग तोंडानं बोलत नाही, दारं आपटून बोलतो. जिन्याचं दार दोन-तीनदा जोरात आपटलं गेलं तेव्हा वरून झुणका येणं थांबलं. मग यमुताईंचं मत आणखी पक्कं झालं. मनात काही नसतं तर बाई अशी तोंड लपवून बसली असती का!

आता यमुताईंची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर माणूस उगाच कडवट वाटेल. यमुताईंनी सरकारी कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये हयात घालवली. जमिनीचे, वारसांचे, दाव्यांचे कागद, कपड्यात बांधलेले गठ्ठे, छतापर्यंत चढलेले. कुठला गठ्ठा कुठल्या लाकडी मांडणीवर हे त्या जागेवरून न उठता सांगायच्या. साहेब आले नि गेले, पण 'यमुताईंना विचारा' हे वाक्य त्या कचेरीत कायम राहिलं. निवृत्त झाल्यावरही फोन यायचे. स्मरण हीच त्यांची इस्टेट होती, आणि गेल्या वर्षभरात त्या इस्टेटीला कुठेतरी वाळवी लागली होती.

आधी दूध उतू गेलं, ते कुणाचंही जातं. मग मोटर चालू राहिली आणि गच्चीवरून पाणी रस्त्यावर वाहिलं. मग समोरच्या सरिताचं नाव तिच्यासमोर उभं राहून आठवेना, तिच्याशी त्या 'अगं' आणि 'बरं का' यांवर अर्धा तास बोलल्या. हे सगळं यमुताईंनी झाकून ठेवलं. मोटरचं तेवढं झाकलं नाही, कारण रस्ता ओला दिसला, आणि कुणीतरी मुकुंदला फोन केला. तेव्हापासून मुकुंदचा फोन रोज यायला लागला. गोळी घेतलीस का, गॅस बंद केलास का, दाराला कडी लावलीस का. परवा म्हणाला, "आई, मी येतोय चार दिवस. जरा बसून बोलू." बसून काय बोलायचं ते यमुताईंना न सांगता कळलं. पुण्याचा फ्लॅट, तिथली खोली, घराला कुलूप. पोरगा वाईट नव्हता, उलट फार जीव लावणारा होता, आणि म्हणूनच त्याच्यापुढे चूक दिसून चालणार नव्हती. हे घर सोडायचं नाही, एवढंच त्यांना या वयात हवं होतं.

म्हणून नळ मुकुंद यायच्या आत दुरुस्त व्हायला हवा होता. त्यांनी बाबनरावाला बोलावलं.

बाबनराव प्लंबर हा गडी मनमिळाऊ, गालात तंबाखूचा खर्रा आणि तोंडात गोष्टी. त्यानं आधी नळाची जाळी काढून धुतली. रेतीचे चार कण निघाले, ते त्यानं तळहातावर घेऊन मोठा चोर पकडल्यासारखे दाखवले. "हे पाहा काकू, हेच अडून राहिलं होतं." नळ सोडला, धार जोरात आली, बाबनराव चहा पिऊन गेला. दुसऱ्या सकाळी यमुताई पुन्हा साबण लावून थंड पाण्यात उभ्या.

मग तो पुन्हा आला. गिझरची चाळणी साफ केली, जुना कॉक बदलला. दोन दिवस बरे गेले, कारण भागीरथाबाई उमरेडला भाच्याच्या लग्नाला गेल्या होत्या. त्या परत आल्या आणि धार गेली. यमुताईंनी बाबनरावाकडे असं पाहिलं, की बघा, मी काय म्हणत होते.

"पायपात हवा धरली असंल," बाबनराव डोकं खाजवत म्हणाला. त्यानं गच्चीवर जाऊन हवेसाठी पाइपाचा एक उभा तुकडा बसवला. टाकीचं झाकण उघडून आतही डोकावला. सगळे नळ बंद, आत अंधार, पाणी निवांत. "टाकी धुतली होती का काकू एवढ्यात?"

"दिवाळीत धुऊन घेतली ना," यमुताई ठामपणे म्हणाल्या. त्या ठामपणानं म्हटल्यावर कचेरीतले साहेबलोकही पुढे विचारायचे नाहीत, तिथे बाबनराव कोण. त्यानं झाकण लावलं.

"एक डाव वरच्या घरात जाऊन पाहतो ना मी. दोन्हीकडचे नळ संगमंग सोडून पाहिल्याबिगर नेमकं समजत नाही."

"काही गरज नाही. दोष तिथलाच आहे, पाहायचं काय त्यात? काहीतरी मोटरबिटर बसवली असेल त्यांनी, ओढून घेतात पाणी."

"मोटर असती तं आवाज आला असता ना, काकू."

"तुम्ही खालचं बघा, बाबनराव."

बाबनरावानं खालचं बघितलं. खाली बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी त्यानं पाना इकडेतिकडे फिरवला आणि तो गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

मुकुंद आला तो पहिल्याच सकाळी अर्ध्या आंघोळीतून कुडकुडत बाहेर आला. "आई, हे काय आहे?" यमुताईंनी सगळी कैफियत मांडली. वेळा, धोपटण्याचे आवाज, झुणका बंद झाल्याची गोष्ट, सगळं ओळीनं. इतकं स्वच्छ सांगितलं की आईची आठवण शाबूत आहे असं मुकुंदला क्षणभर वाटलंसुद्धा. यमुताईंना तेच हवं होतं. पण सांगता सांगता त्या पुढे वाहवत गेल्या आणि म्हणाल्या, "त्यांना जायला सांग. या महिनाअखेर."

"जाऊ दे ना मग," मुकुंद म्हणाला. "पण आई, वरचा मजला रिकामा झाला तर तू इथे एकटी कशी राहशील? त्यापेक्षा घर बंद करू. पुण्याला चल तू."

यमुताईंनी चहाचा कप खाली ठेवला. आपण ज्या फांदीवर बसलो होतो तिलाच कुऱ्हाड घातली, हे त्यांना आत्ता कळलं. पण शब्द तोंडातून गेला होता आणि तो परत घ्यायची पोतनीसांकडे रीत नव्हती. मुकुंद जिना चढून वर गेलासुद्धा.

खाली बसून त्यांना वरचं सगळं ऐकू येत होतं. मुकुंदचा हळू, अवघडलेला आवाज. मग भागीरथाबाईंचा, जो कधीच हळू नसतो. माग चालू असताना त्या खडखडाटावरून बोलायची सवय.

"जातो ना बाप्पा, महिना भरला का जातो. पण एक गोष्ट सांगा मुकुंदभाऊ, पाणी काहून बंद करते तुमची आई? मी काय वाकडं केलं तिचं? कपडे धुवाले बसली का नळ बारीक. भांडे घासाले बसली का नळ बारीक. खाली कॉक फिरवते थे, मले का समजत नाही? मी अडाणी आहो, आंधळी नाही."

यमुताई ताडकन उठल्या. कॉक? आपण?

मग मुकुंदचा आवाज आला, आता जरा निराळा. "भागीरथाबाई, तुमच्याकडेही पाणी जातं?"

"जाते म्हंजे? रोज जाते. तुमी पाहा ना, या इकडं."

मुकुंदनं तिथूनच बाबनरावाला फोन लावला. बाबनराव आला, या वेळी कुणालाही न विचारता थेट गच्चीवर गेला आणि वरून त्यानं हुकूम सोडला. "भाऊ, दोन्हीकडचे नळ एकदम सोडाले लावा. मी टॉर्च मारून टाकीत पाहतो."

मुकुंद जिन्यात उभा राहिला. यमुताई न्हाणीघरात, भागीरथाबाई वरच्या मोरीत. दोन्हींना जोडणारा एक झरोका आहे, त्यातून वरचं बोलणं खाली अगदी कानाशी येतं. इतके दिवस त्या झरोक्यातून फक्त कपड्यांचा आवाज आला होता.

"सोडला का?" झरोक्यातून भागीरथाबाईंचा प्रश्न आला.

यमुताईंनी घसा साफ केला. "सोडला."

"येऊन राहिलं का?"

"येतंय. जोरात येतंय. तुमच्याकडे?"

"इकडं बी. हं... आता कमी झालं पाहा."

"माझंही गेलं," यमुताई म्हणाल्या, आणि हातातल्या तांब्यात पडणाऱ्या त्या बारीक धारेकडे बघत राहिल्या. दोन्हीकडे एकदम गेलं होतं. कुणी कुणाचं ओढून घेत असेल तर एकीकडचं वाढायला हवं होतं. एवढी साधी गोष्ट. आयुष्यभर वादी-प्रतिवादींचे कागद सांभाळले आणि दुसऱ्या बाजूची जबानी घ्यायला आपणच विसरलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"ताई," झरोक्यातून आवाज आला, नेहमीपेक्षा खूप खालच्या पट्टीत. "तुमी बंद करत नव्हत्या वं?"

"नाही हो. मला वाटत होतं, तुम्हीच ओढता."

"अगं माय वं!"

तेवढ्यात गच्चीवरून बाबनरावाची आरोळी आली. "सापडलं! भाऊ, या वर. या, या!"

सगळे वर गेले. यमुताई कठड्याला धरत धरत चढल्या, भागीरथाबाई त्यांच्या मागे, पडल्या तर धरायला म्हणून एक हात पुढे करून. बाबनराव टाकीत खांद्यापर्यंत हात घालून वाकला होता. त्याचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा फुलला होता.

"नळ सोडले, अन् पाहतो तं तळाशी गाळात एक चिंधी पडून होती, थे सरकत सरकत आली अन् बरोब्बर पायपाच्या तोंडावर बसली, चप्प! जेवढं पाणी जोरानं ओढलं, तेवढी थे जोरानं चिकटते. नळ बंद केला का सुटते, अन् पुन्हा पडून राहते चुपचाप. म्हणून त्या दिवशी दिसली नाही मले. गाळाच्याच रंगाची झाली ना." त्यानं हात बाहेर काढला. मुठीत चिखलानं माखलेली एक ओली पुरचुंडी होती, आणि तिला कुजलेल्या सुतळीचा वीतभर तुकडा. "तुरटीची आहे. पावसाळ्यात गढूळ पाणी नितराले सोडली असंल कोणी. तुरटी विरघळून गेली, सुतळी सडून तुटली, अन् हा नुसता कपडा राहिला आत. पण काकू, टाकी तं दिवाळीत धुतली म्हणत होत्या ना तुमी? घोट्याएवढा गाळ आहे आत."

यमुताईंना एकदम उमगलं, की ती दिवाळी मागच्या वर्षीची. टाकी धुणारी पोरं, मधुकररावांची जुनी शिडी, सगळं लख्ख आठवत होतं, फक्त वर्ष चुकलं होतं. या दिवाळीला कुणालाच बोलावलं नव्हतं.

"आणि ही पुरचुंडी टाकली कुणी?" मुकुंदनं विचारलं.

ती बाबनरावानं कठड्यावर ठेवली होती. यमुताईंची नजर तिच्या गाठीवर गेली. रेकॉर्ड रूममध्ये गठ्ठे बांधायची त्यांची स्वतःची एक गाठ होती. दोन वेढे, आतून एक फास, आणि शेंडा मागे खोचलेला, म्हणजे गठ्ठा हजारदा हलवला तरी सुटत नाही आणि हवा तेव्हा एका ओढीत मोकळा होतो. बरोबरीच्या कुणालाही ती कधी जमली नव्हती. पुरचुंडीवर तीच गाठ होती.

त्यांनी आठवायचा फार प्रयत्न केला. श्रावणात विहिरीचं पाणी गढूळ झालं असेल. तुरटीचा खडा फडक्यात बांधला असेल. कुणाला न सांगता गच्चीवर आल्या असतील, झाकण उघडलं असेल, सुतळी आतल्या पाइपाला बांधली असेल. सगळं असेल, असेल. दुसऱ्या कुणाच्या कागदांवरून हकीकत जुळवावी तशी ती त्यांना जुळवता येत होती, पण त्यात त्या स्वतः कुठेच नव्हत्या. हात त्यांचे, गाठ त्यांची, आणि आत कोरं. यमुताई कधी नव्हे इतक्या घाबरल्या.

भागीरथाबाईंनी पुरचुंडी उचलली. बोटानं चिखल पुसला आणि अंगठ्यानं गाठ चाचपली. ज्या बाईनं चाळीस वर्षं तुटलेले धागे सांधले तिला गाठीतलं कळणार नाही तर कुणाला कळणार? त्यांनी एकदा यमुताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कठड्यावर गच्च आवळलेल्या त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग मुकुंदकडे वळल्या.

"माही आहे," त्या म्हणाल्या. "मीच टाकली होती पावसाळ्यात. ध्यानातून गेलं माह्या."

मुकुंदनं मोठा श्वास सोडला. "अहो, सांगायचं तरी भागीरथाबाई! किती त्रास झाला आईला. आणि वर तिच्यावरच आळ घेत होतात तुम्ही."

"चुकलं ना बाप्पा. आता जातच आहो आम्ही. उमरेडले भाऊ आहे माहा."

प्रकरण मिटलं होतं. यमुताईंनी गप्प राहायचं, बस. इतकंच काम होतं. मुकुंद म्हणाला असता, भाडेकरूंचा निष्काळजीपणा. आई बिचारी ठणठणीत आहे. बघू, दुसरे कुणी चांगले मिळतात का वर. पुण्याचं लांबलं असतं. भागीरथाबाई जाणारच होत्या, जाता जाता एक ओझं त्यांनी आपणहून डोक्यावर घेतलं होतं, आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नव्हतं. जिच्या नावानं यमुताईंनी महिनाभर साबणाच्या अंगानं बोटं मोडली होती, ती बाई.

यमुताईंनी गप्प राहून पाहिलं. जेमतेम दोन श्वास जमलं.

"ती पुरचुंडी माझी आहे, मुकुंद."

"आई, त्या स्वतः म्हणतायत..."

"त्या खोटं बोलतायत. माझ्यासाठी बोलतायत. गाठ बघ. ही गाठ माझ्याखेरीज कुणाची नाही." त्यांनी भागीरथाबाईंच्या हातातली पुरचुंडी घेऊन त्याच्यापुढे धरली. "मीच टाकली असणार. मला आठवत नाही. आत्तासुद्धा आठवत नाहीये. टाकी धुतल्याचंही मी मागच्या वर्षीचं सांगितलं. दूध उतू गेलेलं तुला सांगितलं नाही. सरिताचं नाव विसरले, तेही नाही सांगितलं. तुला काय ठरवायचं ते ठरव, पण खरं ऐकून ठरव."

बाबनराव उगाचच टाकीचं झाकण पुसायला लागला. भागीरथाबाई मात्र चिडल्या, अगदी मनापासून चिडल्या.

"काहून बोलल्या वं ताई तुमी? मी घेतलं होतं ना माह्या अंगावर! आम्ही तं जाऊनच राहिलो होतो. माह्या नावानं खपून गेलं असतं."

"तुम्ही जाऊ नका," यमुताई म्हणाल्या.

हे वाक्य त्यांना फार जड गेलं. त्यांनी आयुष्यात कुणाला असं काही मागितलं नव्हतं, मधुकररावांनासुद्धा नाही. "मला भीती वाटते हो, भागीरथाबाई. मी विसरत चाललेय. एकटीनं झाकून ठेवत होते इतके दिवस, आता नाही जमत. मी तुमच्याशी वाईट वागले. रागवा, दोन शब्द बोला मला, पण जाऊ नका."

मुकुंदनं आईकडे पाहिलं. लहानपणापासून त्यानं आईला रागावलेलं पाहिलं होतं, बरोबर ठरलेलं पाहिलं होतं, घाबरलेलं पहिल्यांदाच पाहत होता. तो पुढे झाला आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. पुण्याचा विषय आज ना उद्या निघणार हे दोघांनाही ठाऊक होतं, पण आज तो कुणी काढला नाही.

भागीरथाबाई कान देऊन काहीतरी ऐकत होत्या. मग बाकीच्यांनाही ऐकू आलं. धावपळीत वर येताना खालचे दोन्ही नळ उघडेच राहिले होते, आणि दोन्ही मजल्यांवर पाणी भरल्या जोरानं धो धो पडत होतं.

"आलं," त्या म्हणाल्या. डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. "पाण्यापायी जात होतो आम्ही, ताई. आता पाणी आलं, तं कायले जातो?"

आणि मग जिन्याकडे वळून त्यांनी हात पुढे केला. "चला वं आता खाली. मी माहा नळ तसाच सोडून आली, तुमचा बी उघडाच असंल."